शब्दांची मांडणी करणारा वैद्य : पीटर मार्क रोझे

इंग्रजीच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यास त्या भाषेतील नामे फारशी छळत नाहीत. 'रिव्हर' म्हणजे नदी आणि 'ट्री' म्हणजे झाड, हे एकदा पाठ केले की निभावते. खरी कसोटी लागते ती क्रियापदांपाशी. मराठीत आपण चित्र पाहतो, सामना पाहतो, वाट पाहतो आणि खिडकीतून दूरचा डोंगरही पाहतो. इंग्रजीत मात्र या प्रत्येक पाहण्यास निराळे क्रियापद हवे असते. मुद्दाम दृष्टी लावली तर 'लुक', सहज दृष्टीस पडले तर 'सी', हालचालीवर लक्ष ठेवून बघत राहिलो तर 'वॉच', आणि वाट पाहणे असेल तर तेथे डोळ्यांचा संबंधच उरत नाही. ते 'वेट' होते. 'ऐकणे' या एका शब्दाचेही तेथे दोन भाग पडतात. आवाज कानी पडणे ते 'हिअर' आणि कान देऊन ऐकणे ते 'लिसन'.

यावरून आपली भाषा दरिद्री आहे असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. म्हणणे, सांगणे आणि बोलणे यांतील भेद आपण मराठीत बिनचूक पाळतो. ज्यांच्या घरी कोंकणी बोलली जाते, ती मुले म्हणप, सांगप आणि उलोवप यांची गल्लत स्वप्नातही करीत नाहीत. 'से', 'टेल' आणि 'स्पीक' या तीन इंग्रजी क्रियापदांत नेमका हाच भेद आहे. तात्पर्य, जवळजवळच्या अर्थांतून नेमका शब्द निवडण्याची शक्ती प्रत्येक भाषकापाशी जन्मतःच असते. परक्या भाषेत ती प्रयत्नाने जागी करावी लागते. ज्या पुरुषाने आपल्या दीर्घायुष्याचा उत्तरकाळ अशा समीपार्थी शब्दांची व्यवस्था लावण्यात वेचला, आणि ज्याचा ग्रंथ आज जगभर इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या मेजावर असतो, त्या डॉक्टर पीटर मार्क रोझे यांचे चरित्र म्हणूनच आपण जाणून घेण्यासारखे आहे. त्यांच्या आडनावातील शेवटच्या टकाराचा उच्चार होत नाही. ते नाव मूळचे फ्रेंच वळणाचे आहे.

रोझे यांचा जन्म १८ जानेवारी १७७९ रोजी लंडन शहरातील सोहो भागात झाला. वडील जाँ रोझे हे स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा नगराचे. लंडनमधील फ्रेंच भाषिक प्रॉटेस्टंट मंडळींचे ते धर्मोपदेशक होते. आई कॅथरीन ही सॅम्युअल रॉमिली या पुढे नामांकित झालेल्या कायदेपंडिताची बहीण. पीटर चार वर्षांचा असतानाच, १७८३ मध्ये, वडील क्षयाने वारले. पदरी हा मुलगा आणि एक तान्ही मुलगी घेऊन आई एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाडे करीत राहिली. तिच्या घराण्यात मनोविकाराची छाया होती आणि उत्तर वयात तिचे स्वतःचेही मन ठिकाणावर राहिले नाही. स्थिर घर नाही, डोक्यावर पित्याचे छत्र नाही, अशा स्थितीत वाढणाऱ्या या अबोल मुलास एक छंद जडला. तो वहीत शब्दांच्या याद्या करी आणि त्या याद्यांचे विषयवार गट पाडी. बाहेरच्या जगात जी व्यवस्था त्यास लाभली नाही, ती तो वहीच्या पानांवर निर्माण करीत होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

१७९३ मध्ये आई मुलांना घेऊन एडिंबरो येथे राहावयास गेली, ती पीटरच्या शिक्षणासाठी. चौदाव्या वर्षी त्याने तेथील विद्यापीठात प्रवेश मिळविला आणि १७९८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वैद्यकाची पदवी संपादन केली. इतक्या कोवळ्या वैद्याकडे रोगी फिरकणे कठीणच होते. म्हणून काही काळ तो ब्रिस्टल येथे डॉक्टर बेडोज यांच्या वायुचिकित्सेच्या संस्थेत गेला. हंफ्री डेव्ही हा तरुण रसायनशास्त्रज्ञ तेथेच नायट्रस ऑक्साइड वायूवर प्रयोग करीत होता. रोझे यांनी तो वायू स्वतः हुंगून पाहिला आणि त्याच्या परिणामांचे वर्णन लिहून दिले.

१८०२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तह झाला आणि इंग्रज प्रवाशांना युरोप मोकळा झाला. मँचेस्टरच्या फिलिप्स नावाच्या एका धनाढ्य कापूस-गिरणीमालकाने आपल्या दोन मुलांना देशाटनास पाठविण्याचे ठरविले आणि त्यांचे शिक्षक म्हणून रोझे यांची नेमणूक केली. पॅरिस पाहून ही मंडळी जिनीव्हास पोहोचली. इतक्यात, १८०३ च्या मे महिन्यात, पुन्हा युद्ध भडकले आणि नेपोलियनने फ्रान्सच्या मुलखातील प्रौढ इंग्रज पुरुषांना अटकेत टाकण्याचे फर्मान काढले. जिनीव्हा त्या वेळी फ्रान्सला जोडलेले होते. रोझे यांच्यापुढे मोठे संकट उभे राहिले. आपल्या जिवाची काळजी होतीच, शिवाय विश्वासाने स्वाधीन केलेली परक्याची दोन मुले होती. तथापि त्यांनी धीर सोडला नाही. वडील जिनीव्हाचे नागरिक होते, या एका सत्याचा त्यांनी आधार घेतला, त्याचे दाखले जमविले आणि वारसाहक्काने आपणही तेथील नागरिक असल्याचे अधिकाऱ्यांकडून मान्य करून घेतले. मग मुलांसह सीमा ओलांडून जर्मन मुलखातून त्यांनी मायदेश गाठला. इंग्रजीत 'फ्ली' आणि 'एस्केप' अशी दोन क्रियापदे आहेत. पहिले म्हणजे संकट पाहून पळ काढणे, दुसरे म्हणजे संकटातून निसटून मोकळे होणे. पळणारा सुटतोच असे नाही, आणि सुटणाऱ्यास पळावेच लागते असेही नाही. रोझे यांना दुसरे साधले, ते मुख्यतः कागदपत्रांच्या आणि शांत बुद्धीच्या बळावर.

पुढे १८०४ मध्ये मँचेस्टरच्या सार्वजनिक रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. धुराने काळवंडलेल्या त्या गिरण्यांच्या शहरात दिवसभर रोगी तपासावे आणि उरलेल्या वेळात आपली जुनी आवड जोपासावी, असा त्यांचा क्रम सुरू झाला. व्याख्याने व शास्त्रीय निबंध लिहिताना योग्य शब्द हाताशी असावेत म्हणून त्यांनी १८०५ मध्ये शब्दांची एक वर्गवार यादी सिद्ध केली. ती केवळ स्वतःच्या उपयोगासाठी होती. ती छापावी असे त्या वेळी त्यांच्या मनातही आले नसावे. पुढील सुमारे पंचेचाळीस वर्षे ती वही त्यांच्या लेखनात त्यांची सोबत करीत राहिली.

१८०८ मध्ये ते लंडनला आले. तेथे गरिबांसाठी दवाखाना स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि त्या दवाखान्यात अठरा वर्षे विनावेतन सेवा केली. गणिताकडेही त्यांचा ओढा होता. मोजणीच्या सरकत्या पट्टीवर त्यांनी घातांकांचे व मुळांचे गणित झटपट सोडविता येईल अशी नवी श्रेणी बसविली. तीवरील निबंध १८१४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला आणि पुढील वर्षी त्या विद्वत्सभेने त्यांना आपले सभासद करून घेतले. खिशात मावणारी विद्युत् गणकयंत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येईपर्यंत अशा पट्ट्या अभियंत्यांच्या हाती असत. १८२४ च्या अखेरीस त्यांनी आणखी एक निबंध सादर केला. उभ्या फटींतून फिरत्या चाकाकडे पाहिले असता त्याचे सरळ आरे वाकलेले दिसतात, या दृष्टिभ्रमाचे त्यात विवेचन होते. चलच्चित्रांचा इतिहास सांगणारे लेखक या निबंधाचा आजही उल्लेख करतात.

येथे एका जोडीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. मराठीत आपण अमेरिकेचाही 'शोध लावतो' आणि तारायंत्राचाही 'शोध लावतो'. इंग्रजीत हे चालत नाही. जे आधीपासून होते परंतु अज्ञात होते, ते उजेडात आणणे म्हणजे 'डिस्कव्हर'. जे पूर्वी नव्हतेच, ते बुद्धीने निर्माण करणे म्हणजे 'इन्व्हेंट'. रोझे यांनी नवी पट्टी घडविली, ती 'इन्व्हेंट' केली. शब्दांच्या बाबतीत मात्र त्यांनी एकही नवा शब्द बनविला नाही. शब्द होतेच, अर्थही होते. त्यांची परस्परांशी असलेली नाती त्यांनी पाहिली आणि दाखविली.

या यशस्वी जीवनास दुःखाचे आघातही सोसावे लागले. त्यांचे मामा सर सॅम्युअल रॉमिली हे त्यांना पित्याच्या ठिकाणी होते. क्षुल्लक अपराधांसाठीही देहान्ताची शिक्षा देणारे तत्कालीन कायदे सौम्य व्हावेत म्हणून त्यांनी पार्लमेंटात सतत झगडा केला होता. १८१८ च्या ऑक्टोबरअखेर रॉमिली यांची पत्नी निवर्तली. त्या शोकाने मन भ्रमिष्ट होऊन अवघ्या काही दिवसांत त्यांनी स्वतःच्या जीवनाचा अंत करून घेतला. त्या दिवसांत भाचा वैद्य म्हणून जवळच होता, तरी काही करू शकला नाही. पुढे १८२४ मध्ये रोझे यांचा मेरी हॉब्सन हिच्याशी विवाह झाला. एक मुलगी व एक मुलगा झाला. संसारात थोडे स्थैर्य आले न आले तोच १८३३ मध्ये कर्करोगाने पत्नीचेही निधन झाले. धाकटा मुलगा त्या वेळी केवळ पाच वर्षांचा होता.

इंग्रजीत 'ट्रीट' आणि 'क्युअर' ही क्रियापदे विद्यार्थी एकाच अर्थी वापरतात. वस्तुतः 'ट्रीट' म्हणजे उपचार करणे आणि 'क्युअर' म्हणजे रोग समूळ बरा करणे. पहिले वैद्याच्या हाती असते, दुसरे नेहमीच असते असे नाही. ज्या वैद्यास आपल्या सर्वांत जवळच्या माणसांच्या बाबतीत पहिल्यावरच थांबावे लागले, त्यास हा भेद कोणत्याही कोशावाचून कळला असेल.

दुःख विसरण्याचा त्यांचा उपाय एकच होता, आणि तो म्हणजे काम. १८३४ मध्ये प्राणी व वनस्पती यांच्या शरीरक्रियांवर त्यांनी मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शरीरशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. विश्वकोशासाठी त्यांनी अनेक लेख लिहिले. १८२७ पासून १८४८ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, रॉयल सोसायटीच्या चिटणीसपदाची धुरा त्यांनी वाहिली. त्या पदावरून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर होते. या वयात कोणीही विश्रांतीची इच्छा करील. रोझे यांनी मात्र १८०५ सालची ती जुनी वही बाहेर काढली.

त्यानंतरची सुमारे चार वर्षे त्यांनी त्या यादीचा विस्तार करण्यात घालविली आणि १८५२ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, लंडनच्या लाँगमन या प्रकाशनसंस्थेकडून आपला 'थिसॉरस' प्रसिद्ध केला. 'थिसॉरस' हा मूळचा ग्रीक शब्द; त्याचा अर्थ खजिना. आपल्या 'कोश' शब्दाचाही एक अर्थ खजिनाच आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या ग्रंथाची रचना सामान्य कोशाच्या अगदी उलट आहे. सामान्य कोशात शब्द ठाऊक असतो, अर्थ शोधावयाचा असतो. रोझे यांच्या ग्रंथात अर्थ मनात असतो आणि शब्द शोधावयाचा असतो. म्हणून त्यांनी वर्णानुक्रम बाजूस ठेवला आणि मानवी विचारांचेच सहा मोठे वर्ग केले: अमूर्त संबंध, अवकाश, जडद्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना. या सहा वर्गांत मिळून एक हजार शीर्षके. पहिले शीर्षक 'अस्तित्व' आणि शेवटचे 'देवालय'. प्राणी व वनस्पती यांचे गण-वर्ग पाडण्याची शास्त्रज्ञाची दृष्टी त्यांनी शब्दसृष्टीस लावली. प्रत्येक शीर्षकाखाली आधी नामे, मग क्रियापदे, मग विशेषणे अशी मांडणी केली. शिवाय परस्परविरुद्ध कल्पना शेजारी शेजारी ठेवल्या. त्यामुळे उसने देण्याचे शब्द उसने घेण्याच्या शब्दांना लागूनच येतात. 'लेंड' म्हणजे उसने देणे आणि 'बॉरो' म्हणजे उसने घेणे. या दोहोंची अदलाबदल करून मित्रास पुस्तक मागणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. दोन्ही शब्द शेजारी पाहिले की व्यवहार एकच असून हात दोन आहेत, हे पटकन उमगते.

आपणा भारतीयांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. कल्पनांच्या अनुक्रमाने शब्द मांडण्याचे पूर्वीचे जे थोडे प्रयत्न आपल्या माहितीत आले, त्यांची नोंद करताना रोझे यांनी सर्वांत जुना म्हणून अमरसिंहाच्या अमरकोशाचा निर्देश केला आहे. कोलब्रुक यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले होते. आपल्या पाठशाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी जो कोश मुखोद्गत केला, त्यात स्वर्ग, भूमी, वने, पशू, मनुष्य असे वर्ग पाडून एकेका अर्थाचे अनेक शब्द श्लोकबद्ध केलेले आहेत. दोहोंत एक अंतर मात्र आहे. अमरकोश हा नामे व अव्यये यांचा कोश आहे. क्रियांचे मूळ असलेल्या धातूंसाठी संस्कृतात निराळा धातुपाठ आहे. रोझे यांनी नाम आणि क्रियापद एकाच छताखाली आणले.

आता या ग्रंथाच्या उपयोगाविषयी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. रोझे यांनी समानार्थी शब्दांची दाटी करून ठेवली, पण त्यांतील सूक्ष्म भेद स्पष्ट केले नाहीत. तो त्यांचा उद्देशच नव्हता. ते काम इतरांनी केले होते. हेस्टर पिओझी या विदुषीने १७९४ मध्ये आणि जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ मध्ये समानार्थी इंग्रजी शब्दांतील भेद सांगणारी पुस्तके लिहिली होती. वाचकास भाषा अवगत आहे, शब्द पाहताच योग्य कोणता हे तो ओळखील, असे रोझे यांनी गृहीत धरले होते. ज्यास तशी ओळख नाही, त्याच्या हाती हा खजिना आला तर अनर्थ होतो. 'स्टील' आणि 'रॉब' चोरीच्याच यादीत सापडतील. पण चोर पैसे 'स्टील' करतो आणि माणसास किंवा पेढीस 'रॉब' करतो. पहिल्याचे कर्म चोरीस गेलेली वस्तू, दुसऱ्याचे कर्म लुटला गेलेला धनी. यादीत हे लिहिलेले नसते. निबंधात भारदस्तपणा यावा म्हणून साधे क्रियापद खोडून त्या जागी यादीतील लांबलचक क्रियापद बसविणारे विद्यार्थी विरळा नाहीत. त्यांच्या लेखनात शब्द मोठे होतात आणि अर्थ मात्र हरवतो.

मग उपाय कोणता? क्रियापद एकटे पाठ करू नये. त्याच्या कर्त्यासह आणि कर्मासह, संपूर्ण वाक्यात पाठ करावे. कोण करतो, कोणास करतो, मुद्दाम करतो की सहज घडते, आणि क्रिया शेवटास गेली की नाही, हे चार प्रश्न स्वतःस विचारावे. 'लुक' व 'सी' यांतील भेद तिसऱ्या प्रश्नाने सुटतो, 'ट्रीट' व 'क्युअर' यांतील चौथ्याने, 'लेंड' व 'बॉरो' यांतील पहिल्याने, 'स्टील' व 'रॉब' यांतील दुसऱ्याने. शब्दसंग्रहातून शब्द मिळाला तरी तो वाक्यात घालण्यापूर्वी चांगल्या कोशात त्याचा उपयोग पाहावा. रोझे यांचा ग्रंथ आणि सामान्य कोश ही एकाच गाडीची दोन चाके आहेत.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावरही रोझे स्वस्थ बसले नाहीत. सुचतील ते नवे शब्द ते अखेरपर्यंत आपल्या प्रतीच्या समासात टिपून ठेवीत. त्यांच्या हयातीतच हा ग्रंथ पंचवीसहून अधिक वेळा छापला गेला. १२ सप्टेंबर १८६९ रोजी वेस्ट माल्व्हर्न येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यांचे पुत्र जॉन लुई यांनी पित्याची टिपणे समाविष्ट करून १८७९ मध्ये विस्तृत आवृत्ती काढली आणि ग्रंथाची सूची पुष्कळ वाढविली. त्यानंतर नातू सॅम्युअल रॉमिली रोझे यांनी ते काम पुढे चालविले. मामाच्या स्मृतीचे ते नाव असे ग्रंथाशी जोडले गेले. तीन पिढ्यांनी एकच शब्दभांडार सांभाळल्याचे असे उदाहरण क्वचितच आढळते.

वैद्यक, गणित, शरीरशास्त्र या क्षेत्रांत रोझे यांनी केलेले कार्य आता इतिहासजमा झाले आहे. ज्या वहीस त्यांनी तारुण्यात खासगी मानले, तिनेच त्यांचे नाव अमर केले. विद्यार्थ्यांनी यातून एवढे तरी घ्यावे. प्रत्येकाने अशी एक वही करावी. ज्या दोन क्रियापदांची गल्लत होते ती एका पानावर समोरासमोर लिहावीत, प्रत्येकाखाली स्वतःचे एक वाक्य लिहावे, आणि त्याखाली आपल्या मातृभाषेत तोच भेद कसा दाखविला जातो, हेही टिपावे. वर्षाला पन्नास जोड्या झाल्या तरी शालान्त परीक्षेपर्यंत संग्रह भरपूर होईल. मग शब्द निवडताना हात अडखळणार नाही, कारण निवडण्याचे कारण आपणास ठाऊक असेल.